मेंबरचा दिवा आणि मितानचं नाव

भुवनेश्वर रहांगडाले चहाचा कप हातात आला की आधी त्यात डोकावून बघतो. माशी पडली का म्हणून नव्हे. चहा पाजणाऱ्याचं कुठलं काम अडलं आहे ते त्याला म्हणे चहावरून कळतं. दूध सढळ असेल तर घरकुल, साखर जास्त असेल तर जागेचा वाद, आणि बशीत बिस्कीट आलं तर पोराला कसला तरी दाखला हवा आहे. कोहमाऱ्याच्या फाट्यावर एकदा एका अनोळखी ट्रकवाल्याने त्याला सहज चहा पाजला. ह्याने चहा बाजूला ठेवला आणि ट्रकचा नंबर पाठ करत बसला. चहाचं पाणी झालं, ट्रक रायपूरकडे निघून गेला, त्यालाही आता वर्षं लोटली. पण विषय निघाला की मेंबर अजून म्हणतो, "काहीतरी होतं त्याच्या मनात."

मेंबर म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य. बोडीटोल्यात हुद्दा हेच नाव होऊन बसतं, त्यामुळे भुवनेश्वर कोण असं विचारलं तर पोरं क्षणभर विचारात पडतील, मेंबर कोण म्हटलं तर घरापर्यंत आणून सोडतील. गाव कोहमाऱ्याहून नवेगाव बांधकडे जाताना रस्त्यापासून जरा आत. पाण्याची एक बोडी, म्हणजे लहानसं तळं; तळ्याच्या अलीकडे पोवारांची घरं, पलीकडे गोंडांचा टोला म्हणजे वस्ती, आणि मध्ये धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं. मेंबरच्या पूर्वजांनी माळव्यातून येऊन ही बांधी काढली असं तो अभिमानाने सांगतो. माळवा सोडून ते इथे का आले, ह्याबद्दलही त्याला थोडा संशय आहेच.

नव्याण्णव साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले. ह्याने आपला पेढा कागदात गुंडाळला, खिशात टाकला आणि पेढे वाटणाऱ्यालाच विचारलं, "भंडाऱ्याले आपण अचानक जड काऊन झालो गा?" त्या दिवसापासून गावाने त्याला हेरून ठेवलं आणि पुढच्या निवडणुकीत निवडून दिलं. लोकांचा हिशोब सरळ होता. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस पंचायतीत जाऊन बसला तर निदान गल्लीत तरी शांतता राहील.

शांतता काही राहिली नाही, पण फायदा झाला. ठेकेदाराने नवा सिमेंटचा रस्ता करून दिला आणि नारळ फोडायला पाहुणे आले. मेंबरने पाहुण्यांच्या देखत आपल्या छत्रीचं टोक रस्त्यात खुपसलं. ते वीतभर आत गेलं. छत्री तशीच उभी राहिली, पाहुणे नारळ घेऊन परत गेले आणि ठेकेदाराला रस्ता पुन्हा करावा लागला. आणखी एक गंमत वृक्षारोपणाची. दर पावसाळ्यात पंचायत झाडं लावायची, दर उन्हाळ्यात ती नाहीशी व्हायची. मेंबरने एका वर्षी प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी गुपचूप घरावरच्या कवेलूचा, म्हणजे कौलाचा, एकेक तुकडा टाकून ठेवला. पुढच्या वर्षी नव्या जागी नवे खड्डे खणले म्हणून फोटो निघाले, आणि मेंबरने फोटोवाल्यासमोरच हात घालून खड्ड्यातून आपली कवेलं काढून दाखवली.

असा हा माणूस. त्याच्या संशयातून सुटलेला गावात एकच जण होता.

केवलराम मडावी हा पलीकडच्या टोल्यातला, वनविभागात रोजंदारीवर. उन्हाळ्यात जंगलाची आग विझवायला पळणार, पावसाळ्यात रोपं वाहणार, आणि घरी असला की पळसाच्या मुळ्या कुटून दोर वळत बसणार. दोघं लहानपणी एकत्र ढोरं चारायचे. मिसरूड फुटायच्या सुमारास एका राखीच्या दुसऱ्या दिवशी, भुजल्या शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, सगळं गाव बोडीवर जमलेलं असताना, त्यांनी एकमेकांच्या कानावर गव्हाच्या पिवळ्या कोंबांची भुजली खोवली आणि मितान झाले. मितान म्हणजे नुसता दोस्त नव्हे. भाऊ वाटणीला भांडतो, मितानाला वाटणीच नसते. त्या दिवसापासून दोघांमधलं अबे-तुबे संपलं आणि 'जी' सुरू झालं. सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मितानाचं नाव जन्मात तोंडाने घ्यायचं नाही. हाक मारायची तर "मितान". मेंबरने हे इतकं पाळलं, की पंचायतीत मजुरांची नावं वाचताना केवलरामचं नाव आलं की तो थांबायचा आणि सचिव पुढे वाचायचा.

रोज संध्याकाळी केवलराम मेंबरच्या ओट्यावर यायचा. ओमेश्वरी, म्हणजे मेंबरची बायको, चहा आणून द्यायची. मितानासोबतचा चहा मेंबर कपात न बघता प्यायचा.

अशात दोन हजार अकराच्या सुमारास गावात जागतिक तापमानवाढ आली. सडक अर्जुनीहून जीपमध्ये बसून आली आणि पंचायतीच्या भिंतीवर हिरव्या रंगात लागली. पर्यावरणाची नवी योजना होती. जितकी माणसं तितकी झाडं, घरोघरी बिनधुराची चूल, प्लास्टिकला बंदी आणि सूर्यावर चालणारे दिवे. तपासणी समिती येणार, गुण देणार, आणि चांगले गुण मिळाले तर गावाला निधी.

मेंबरने पहिल्याच सभेत हात वर केला.

"ऊन आमच्याकडे पहिल्यापासूनच हाये. आत्ताच सरकारले त्याची काळजी काऊन?"

सचिवाने समजावलं, की सगळ्या जगाचंच तापमान वाढतं आहे.

"मग जगाचे गुण बोडीटोल्याले काऊन देऊन राहिले?"

लोक हसले. पण मेंबर हसण्यावारी नेत नव्हता. त्याला खरंच काहीतरी खुपत होतं. मागची दोन-तीन वर्षं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, शेतात उभे राहून पिवळे पडायचे तरी रोवणीपुरतं पाणी यायचं नाही, आणि कापणीला आलेल्या धानावर मात्र मुसळधार यायचं. मोहाची फुलंही पुढेमागे व्हायला लागली होती. त्यामुळे त्याला दोन बाजूंनी भीती होती. हे तापमानाचं प्रकरण खोटं असेल तर कोणीतरी गावाला बनवत होतं, आणि खरं असेल तर भिंतीवरच्या हिरव्या रंगाने ते थांबणार नव्हतं. "बोडीतला गाळ काढा म्हणतो मी चार वर्षांपासून," तो सभेत म्हणाला. "पाणी थांबलं तं झाडं जगतील. ते तुमच्या योजनेत कुठं हाये?" गाळ योजनेत नव्हता. दिवे होते.

चार सौर दिवे आले. एक मेंबरच्या वॉर्डात. उपसरपंच भोजराज कटरे, मेंबरचा जुना वैरी, म्हणाला देवळामागे एक लागतोच आहे, हाही देवळापुढे लावा. मेंबरने ठणकावलं, की दिवा बोडीच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, लागेल, टोल्याकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथे साप निघतात, बायका अंधारात येतात-जातात, आणि टोल्याला आजवर पंचायतीने एक विजेचा खांब दिलेला नाही. हे सगळं अगदी खरं होतं. त्या पाळीला लागून मेंबरची स्वतःचीच बांधी होती, हेही खरं होतं. भोजराजने ते लगेच सभेत बोलून दाखवलं.

"मेंबरच्या धानाले आता रात्रीबी ऊन भेटते म्हणा."

मेंबर पेटला, पण दिवा तिथेच लागला. पहिल्या संध्याकाळी दिवा लखकन उजळला तेव्हा टोल्यातली म्हातारी माणसं पाळीवर येऊन त्याखाली बसली, आणि मेंबर मितानाला म्हणाला, "सरकारच्या हातून निघालेली एवढी एकच सरळ गोष्ट मी पाहिली जी."

श्रावणात एकदा ओमेश्वरी बांधीच्या धुऱ्यावरून परत आली आणि पितळेच्या गुंडातल्या पाण्याने पाय धुता धुता म्हणाली, "अवो, त्या दिव्याचं जरा पाहा. आपल्या बांधीवर..."

"हे तुले कोणं शिकवलं?" मेंबर म्हणाला. "भोजराजच्या घरचीनं?"

ओमेश्वरीने त्याच्याकडे एकदा बघितलं, रिकामा गुंड उचलला आणि आत गेली. शेती गेली दहा-बारा वर्षं तीच बघत होती. मेंबर धानापेक्षा पंचायतीत जास्त असायचा. त्यानंतर तिने दिव्याचं नाव काढलं नाही.

भाद्रपद लागला, धान गर्भात आला, आणि मेंबरचा दिवा विझायला लागला. दिवसा बघावं तर सगळं ठीक. काच शाबूत, पेटी शाबूत, तारा जागच्या जागी. दिवेलागणीला मात्र पाळीवर काळोख. एखाद दिवशी लागायचा, मग पुन्हा काळोख. गोंदियाहून कारागीर आला, खांबावर चढला, उतरला आणि म्हणाला, "भाईसाब, लाइट में कोई खराबी नहीं है." मेंबरने त्यालाही आपल्या संशयितांत घेतलं.

समितीची तपासणी दिवाळीआधी होती. मेंबरने ठरवलं की चोर पकडायचाच. बोडीच्या काठाला बेशरमाची झुडपं माजली आहेत. त्यांच्या आड तो संध्याकाळी दबा धरून बसू लागला. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि डोक्याला पांढरा दुपट्टा. टोल्यातून येणारा प्रत्येक जण झुडपाला "राम राम, मेंबर" करून पुढे जायचा. ओमेश्वरी त्याला निघताना भाकर बांधून द्यायची आणि विचारायची, "आज बी जाता का?" तो सांगायचा, हो किंवा नाही.

आणि बघा, तो बसला की दिवा लखलखीत. तो घरी राहिला की काळोख.

मेंबरने डोकं चालवलं. चोराला आपलं येणं-जाणं आधी कळतं. आपण कधी बसणार हे आपण सांगतो कोणाला? घरचीला आणि मितानाला. घरची तर घरचीच, तिला कशाला मोजायचं. मग राहिला...

तो विचार त्याने पहिल्या दिवशी झटकून टाकला. दुसऱ्या दिवशी खांबाच्या आडव्या दांडीला त्याला दोराचा एक तुकडा लोंबताना दिसला. पळसाच्या मुळीचा दोर, तीन पदरी, घट्ट वळलेला. गावात असा दोर एकच माणूस वळायचा. शिवाय गेले दोन-तीन दिवस केवलराम ओट्यावर यायचा बंद झाला होता. काम आहे म्हणत होता. वाटेत दिसला तर मान खाली घालून सायकल पुढे काढत होता.

संशय हा असा पाहुणा आहे, की त्याला एकदा पाट मांडून दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही. मेंबरला आता जुनं जुनं आठवायला लागलं. दिवा लागला त्या दिवशी मितान म्हणाला होता, "उजेड चांगला हाये जी, पण रात्रीलेबी तं रात्र लागते." तेव्हा हसण्यावारी गेलं होतं. आता त्या वाक्याला शिंगं फुटली. टोल्यातली पोरं सांजेला बोडीत चोरून मासोळ्या धरतात, त्यांना उजेड नको असेल. की भोजराजने मितानाला काही कबूल केलं? तीन दिवस मेंबरला भाकर गोड लागली नाही. ओमेश्वरीने विचारलं, "का झालं?" तर म्हणाला, "काही नाही." ती बिचारी भाकर बांधत राहिली.

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सडक अर्जुनीहून विस्तार अधिकारी आले होते. तरुण, नव्याने बदलून आलेले, इस्त्रीचा शर्ट. सरपंचबाई मधे, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि कडेला निंबाखाली टोल्यातली माणसं. सभा चांगली चालली होती. झाडं मोजून झाली, चुली मोजून झाल्या, आणि मग मेंबर उठला.

"साहेब, आमच्या वॉर्डातल्या सरकारी दिव्यावर कोणीतरी हात टाकून राहिला. दिवा बिघडला नाही, त्याले बंद करून राहिले. आणि कोण करून राहिला ते मले माहीत हाये."

अधिकारी सरळ बसले. "सरकारी मालमत्ता आहे. नाव सांगा, मी आजच ठाण्यात तक्रार पाठवतो."

ठाणे हा शब्द ऐकून मेंबर थोडा हलला. त्याला वाटलं होतं सभेत चार शब्द सुनावू, मितान कबूल होईल, संपलं. पण केवलरामचं वनविभागात कायम व्हायचं चाललं होतं. इतक्या वर्षांच्या रोजंदारीनंतर यंदा त्याचं नाव वर गेल्याची कुणकुण होती. नुसती तक्रार गेली असती तरी ते नाव खाली आलं असतं, आणि हे मेंबरइतकं कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. कायम करा म्हणून वनविभागाच्या दारी खेटे घालणारा तोच होता.

"बसून जातो," तो म्हणाला. "पुढच्या वेळी पाहू."

भोजराज असा कसा सोडेल? तो जागेवरूनच म्हणाला, "आता काऊन बसता जी? गावाले चोर म्हटलं तं नाव घ्या. नाहीतर म्हणा का तुमीच झोपेत बंद करता."

मेंबर चिडला. चिडला की त्याचं तोंड डोक्याच्या पुढे धावतं. तो पुन्हा उभा राहिला, बोट वर केलं, तोंड उघडलं. आणि नाव निघेना. तीस वर्षं ज्या नावाला जिभेवर जागा नव्हती ते भर सभेत कुठून येणार? बोट तसंच वर, तोंड तसंच उघडं.

आणि तेवढ्यात सभेला कळलं. बोडीटोल्यात मेंबरने नावं ठेवली नाहीत असा माणूस नाही. तो सरपंचबाईंना नावाने बोलतो, ठेकेदाराला नावाने बोलतो, भोजराजला तर वडिलांच्या नावासकट बोलतो. मग ज्याचं नाव त्याच्या तोंडी येत नाही असा माणूस कोण? एकेक करत सगळ्या माना निंबाकडे वळल्या.

केवलराम उभा राहिला. खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"तुम्ही का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

केवलराम गप्प. त्याच्या तोंडाकडे बघून वाटत होतं, की हो म्हणायला तो तयार आहे आणि नाही म्हणायला त्याला कोणीतरी बंदी घातली आहे. मेंबरचं बोट खाली आलं. मितान नाही म्हणेल, रागावेल, शिव्या देईल, हे सगळं त्याने धरलं होतं. मितान नुसता उभा राहील हे त्याने धरलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा जी साहेब," बायकांमधून आवाज आला. भागीरथा, केवलरामची बायको, पदर खोचून उभी राहिली होती. "सारे आमच्या माणसाकडे काऊन पाहून राहिले? मेंबरच्या तोंडात न येणारे नावं गावात दोन हायेत."

क्षणभर कोणाला उमजलं नाही. मग पटांगणात खुदखुद सुरू झाली आणि पसरत गेली. लग्नात मांडवाखाली लोकांनी अडवून धरलं तेव्हा मेंबरने जे एकदा घेतलं होतं, ते बायकोचं नाव त्यानंतर कोणी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. आधी नुसतं 'ऐकलं का', आणि पोरगी झाल्यापासून 'खुशबूची माय'. सगळ्या माना निंबाकडून निघाल्या आणि बायकांच्या दुसऱ्या ओळीत जाऊन थांबल्या.

ओमेश्वरी उठली. सावकाश उठली, गुडघ्यावर हात ठेवून.

"हव. मीच झाकतो."

"झाकतो म्हणजे?" इथे बायकाही 'करतो' म्हणतात; त्यात अधिकारी नवखे, त्यांना काही कळेना.

"टोपलीनं झाकतो. विझवत नाही, साहेब. दिवा पेटला का बोडीवरचे सारे पाखरं तिथं येते. उजेड पडते आमच्या बांधीवर. आता धान लोंबीवर हाये. मायचे तुडतुडे त्या उजेडाले आले का खाली धानावर बसते, आणि आठ दिवसात बांधी जळाल्यावाणी होते. लोंबी भरली का टोपली काढून टाकीन. सांजेले लांब बांबू घेतो आणि वर अडकवतो. सकाळी शेण टाकाले जातो तवा काढून घेतो."

मेंबर तिच्याकडे बघत राहिला. तुडतुडा, उजेड, लोंबी. हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या बापाला माहीत होतं. धान लोंबीवर आला की बाप बांधीजवळ बिडीसुद्धा पेटवू द्यायचा नाही. दिवा पाळीवर लावायचा हट्ट धरताना हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. भोजराज काय म्हणेल एवढंच आलं होतं.

"मले काऊन नाही सांगितलं?" तो हळू म्हणाला.

"सांगत होतो ना. तुमी म्हटलं कोणं शिकवलं."

आता मोठ्याने हसू आलं. ओमेश्वरी हसली नाही. "टोपलीले दोर पाहिजे होता. मितानभाऊजीले म्हटलं बनवून द्या, आणि ह्याईले सांगू नका, नाहीतर हे मलेच कुणाच्या तरी बाजूची ठरवतील. त्याईनं वचन देलं. मितानाशी खोटं बोलाले लागू नये म्हणून बिचारे चहालेबी येणं सोडून देले."

भोजराज मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा जी मेंबर. चोर घरात आणि तुमी बेशरमात."

"भाऊजी," ओमेश्वरी त्याच्याकडे वळली, "देवळामागच्या दिव्याले युरियाचं पोतं कोणं बांधलं, ते सांगू का?"

भोजराजची देवळामागे बांधी आहे. त्याने चप्पल नीट करायला मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. मग उरलेल्या दोन दिव्यांच्या आसपासची माणसंही इकडे तिकडे बघायला लागली. कळलं ते असं, की चारही दिवे झाकलेले होते, आणि मेंबर सोडून सगळ्या गावाला ते माहीत होतं. कोणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याला आधी उत्तर द्यावं लागलं असतं, की तुला कोणी पाठवलं.

अधिकारी घामाघूम झाले. "अहो, पण मी लिहू काय? पर्यावरणाच्या योजनेतले दिवे गावकऱ्यांनीच झाकले? कोणी झाकले? एक नाव तर लिहावं लागेल मला."

ओमेश्वरी उभीच होती. निंबाखाली केवलरामही अजून उभाच होता, दुपट्टा हातात धरून.

मेंबर म्हणाला, "लिहा. भुवनेश्वर हिरामण रहांगडाले."

"तुम्ही? तुम्हीच तर तक्रार..."

"जागा मी पसंत केली. बांधी माझी. दिवा मी झाकला. लिहा." मग जरा थांबून, भोजराजच्या वाकलेल्या मानेकडे बघत तो पुढे म्हणाला, "बाकी तीन दिव्याचे नावं मले आता माहीत झाले हायेत. पण मी घेत नाही."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. समितीने दिव्यांचे गुण कापले, निधी दुसऱ्या गावाला गेला, आणि पुढच्या निवडणुकीत भोजराजच्या माणसांनी 'दिवा झाकणारा मेंबर' म्हणून घरोघर सांगितलं. मेंबर पडता पडता निवडून आला. कोणाच्या मतांवर, हे शोधण्याचं त्याचं काम अजून चालू आहे. ठाण्यात तक्रार गेली नाही. केवलरामच्या कायम होण्याची कुणकुण मात्र अजून कुणकुणच आहे.

धान निघाल्यावर मेंबरने स्वतः उभं राहून खांब उपटवला आणि टोल्याच्या चौकात, बांध्यांपासून दूर, लावून घेतला. ह्या वेळी जागा ओमेश्वरीने दाखवली. पण केवलराम काही ओट्यावर आला नाही. दिवाळी गेली, मंडईची जत्रा गेली, मोह पडला, तेंदूपत्ता संपला. रस्त्यात भेटला की "राम राम जी," एवढंच. मेंबर संध्याकाळी एकटाच चहा प्यायचा आणि तो कपात बघायला लागला होता. चहा बायकोने केलेला असूनही.

राखीच्या दुसऱ्या दिवशी ओमेश्वरीने कोपऱ्यात वाढवलेल्या भुजलीचे चार कोंब उपटले, पळसाच्या पानात गुंडाळले आणि नवऱ्याच्या हातात दिले. मेंबर पाळीवरून टोल्यात गेला. केवलराम अंगणात दोर वळत होता. मेंबर समोर उभा राहिला, आणि गावच्या सभा गाजवणाऱ्या माणसाला सुरुवात कशी करावी सुचेना.

"मितान," तो शेवटी म्हणाला, "तवा सभेत तुमी बोलले काऊन नाही जी?"

"तुमी माझं नाव कुठं घेतलं होतं?" केवलराम दोर वळतच म्हणाला. "नाव घेतलं असतं तं बोललो असतो."

मग त्याने हातातला दोर खाली ठेवला आणि कान पुढे केला. मेंबरने भुजली खोवली. भागीरथाने बिनदुधाचा चहा आणला. मेंबरने कप घेतला, सवयीने मान खाली गेली, आणि केवलराम बघतो आहे हे लक्षात आल्यावर त्याने डोळे मिटून एका घोटात सगळा चहा पिऊन टाकला. जीभ भाजली ती दोन दिवस भाजलेलीच होती.

घरी परतताना पाळीवर त्याचे पाय मंदावले. बोडीत पाणी यंदा बरं होतं, पण ते वेळेवर आलं नव्हतं, आणि गाळ अजून तसाच होता. त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. ओट्यावर चढल्या चढल्या त्याने विचारलं, "खुशबूची माय, त्या दिवशी सभेत भागीरथावहिनीले ते दोन नावाचं बोलाले कोणं शिकवलं होतं?"

ओमेश्वरीने त्याच्याकडे एकदा बघितलं, रिकामा गुंड उचलला आणि आत गेली.